शहाण्णव टक्के स्वच्छ

३ मार्च, सोमवार. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.
लाँड्रीत तपासणीच्या टेबलाशी उभा आहे. समोर हॉटेलची धुतलेली चादर. डाव्या हातात तिचा कोपरा, उजव्या हातात पेन. आजपासून रोज लिहिणार. शुद्ध लिहिणार.

माझे काम: धुऊन आलेली चादर बघायची. डाग राहिला असेल तर परत धुवायला, नसेल तर इस्त्रीला. दोन वर्षे हेच. बुद्धीला वाव शून्य.

आज हॉटेलचा मॅनेजर आला आणि डागांसकट पोहोचलेल्या चाळीस चादरी दाजींसमोर टाकल्या. म्हणाला, महिनाअखेरीस पुन्हा असंच दिसलं तर आमचं काम दुसरीकडे. लाँड्रीचे निम्मे काम त्या एका हॉटेलचे. तो गेल्यावर दाजींनी मला विचारले, तुला डोळे दिलेत की शर्टाची बटणं. सगळ्यांसमोर. बायकोचा भाऊ म्हणून तरी आवाज खाली ठेवायचा.

विचार केला. दोष माझा नाही, माणसाच्या डोळ्याचा आहे. चादरीकडे बघता बघता तो भलतीकडे जातो. उपाय: यंत्र. आर्टिफिशियल इंटेलिजन्स. काल अकरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. नऊ मिनिटे समजली.

(हातातली चादर इस्त्रीला पाठवली.)

४ मार्च, मंगळवार.
दाजींना सांगितले. ते म्हणाले, गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्यास आणि आता यंत्राला पोहायला शिकवणार. पण मागे लागलो तेव्हा कबूल झाले. अट अशी: महिनाअखेरीस मॅनेजर खूश, तर मी सुपरवायझर आणि बसायला खुर्ची. नाहीतर वाळवणीच्या खोलीत बदली. त्या खोलीत बारा महिने उन्हाळा असतो.

जुना कॉम्प्युटर आणि कॅमेरा घ्यायला ताईकडून पैसे घेतले. शिलाई मशीनसाठी साठवत होती. हॉटेलच्या फाटक्या चादरी शिवून चार पैसे सुटतील, असा तिचा बेत आहे. तिला म्हटले, दुप्पट करून देतो. ती म्हणाली, दुप्पट नको रे बाबा, एकपट आण. आणि ह्यांच्या कानावर घालू नकोस.

७ मार्च, शुक्रवार.
मूळ तत्त्व समजले. यंत्राला नियम सांगायचे नसतात. उदाहरणे दाखवायची आणि प्रत्येकाला उत्तर चिकटवायचे: ही स्वच्छ, ही डागाळलेली. याला लेबल म्हणतात. पुढे ते आपले आपण शिकते. मलाही असेच कोणी शिकवले असते तर आज दाजी माझ्याकडे कामाला असते.

पाचशे फोटो काढायचे आहेत. आज शून्य. ‘डागाळलेली’ की ‘डागळलेली’ यात दुपार गेली. पाया पक्का हवा.

१२ मार्च, बुधवार.
फोटो पूर्ण. मध्ये एक अडचण आली. डागाळलेली चादर सापडेना. आठवडाभर टेबलाशी उभा आहे, माझ्या नजरेला एकही पडली नाही. शेवटी वीस चांगल्या चादरी घेतल्या आणि त्यांवर स्वतः चहा सांडला. उरलेल्या ४८० फोटोंना एकाच वेळी ‘स्वच्छ’ लेबल लावले.

इस्त्रीवाल्याला सगळे वाफ्या म्हणतात. त्याने विचारले, फोटो उघडून तरी बघितलेस का. त्याला म्हटले, अनुभव असला की उघडावे लागत नाहीत. तो म्हणाला, हो, चादरीही तू तशाच बघतोस.

अशा माणसांना विज्ञानाची गोडी लागणार नाही.

१५ मार्च, शनिवार.
ट्रेनिंग. यंत्राने सगळे फोटो एकदा पाहिले की एक उजळणी. तीस उजळण्या दिल्या. निकाल: ॲक्युरसी ९६ टक्के.

पुन्हा लिहितो. ९६.

माझा आजवरचा उच्चांक ४१, तोही चित्रकलेत. निकालाची प्रिंट काढून फ्रेम करून घेतली, टेबलावर टांगली. आईला फोन केला. तिने विचारले, किती पैकी.

१६ मार्च, रविवार.
व्हिडिओतले सर म्हणतात, यंत्राने कधी न पाहिलेल्या फोटोंवर त्याची परीक्षा घ्या. म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचा पेपर. याच प्रकाराने माझे नुकसान झाले. मी तो अन्याय दुसऱ्यावर करणार नाही. शिकवलेल्याच फोटोंवर घेतली. ९६.

गंमत म्हणून फक्त एक उजळणी देऊन पाहिली. तरी ९६. तीस दिल्या, ९६. हुशार मुले अशीच असतात. अभ्यास केला काय, न केला काय.

१९ मार्च, बुधवार.
यंत्र टेबलावर बसवले. वर कॅमेरा आणि झगझगीत दिवा, बाजूला दोन छोटे बल्ब. स्वच्छ असेल तर हिरवा, डाग असेल तर लाल. काम सुसाट चालले. लाल बल्ब दिवसभरात एकदाही लागला नाही. बल्ब बदलला. पुन्हा बदलला. बल्बात दोष नाही. निष्कर्ष: धुलाई सुधारली आहे. यंत्राच्या नुसत्या धाकाने हा फरक.

दाजींनी खुर्ची दिली. तात्पुरती म्हणाले, पण हातांची आहे.

२४ मार्च, सोमवार.
वाफ्याने आगाऊपणा केला. कॅमेऱ्याखाली पायपुसणे ठेवले. हिरवा. बूट ठेवला. हिरवा. मग स्वतःचे तोंड घातले. हिरवा. म्हणाला, चला, मला स्वच्छ म्हणणारं कोणीतरी भेटलं. त्याला समजावले की यंत्राचे शिक्षण चादरींत झाले आहे, तोंड हा त्याचा विषय नाही.

नंतर ताई आली. एका चादरीवर कपभर चहा ओतला आणि ती पुढे सरकवली. हिरवा. खात्री ९६ टक्के. तिने विचारले, हे दुसरं काही बोलतं का. मी म्हणालो, बोलायची गरज काय, शंभरातली शहाण्णव उत्तरे बरोबर येतात. ती म्हणाली, मी डोळे मिटून सगळ्यांना स्वच्छ म्हटलं तर माझी किती येतील. मी म्हणालो, तितकीच येतील, पण त्याला आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणत नाहीत.

तिने ती चादर उचलून स्वतः परत धुवायला नेली. तिला वाईट वाटले असावे. चहा वाया गेला.

संकल्प: दाजींना कळायच्या आत लाल बल्ब लावून दाखवणे.

२६ मार्च, बुधवार.
सरांकडे उपाय होता: डाग नजरेतून सुटला तर यंत्राला जास्त दंड करा. शंभरपट लावला. आता सगळेच लाल. पिशवीतून काढलेली कोरी चादरसुद्धा लाल. यंत्र घाबरले आहे. मार बसला की माझेही असेच व्हायचे.

दुपारपर्यंत एकूण एक चादर परत धुवायला गेली. दाजी म्हणाले, पाणी काय तुझ्या यंत्राच्या बापाचं आहे. जादा धुलाई माझ्या नावावर मांडली. दंड काढून टाकला. दगडापेक्षा वीट मऊ.

३१ मार्च, सोमवार.
मॅनेजर आला. या खेपेला त्रेचाळीस.

दाजी शांत होते, हे वाईट लक्षण. म्हणाले, मागच्या खेपेला तू बघत होतास, चाळीस आल्या. या खेपेला यंत्र, त्रेचाळीस. म्हणजे तीन चादरींसाठी मी तुला पगार देतोय.

मी त्यांना नम्रपणे सांगितले की याला माणसाच्या बरोबरीची कामगिरी म्हणतात, मोठमोठ्या कंपन्या याच्यासाठी जीव टाकतात, आपण महिन्यात गाठली. ते म्हणाले, बरोबर आहे. माझे म्हणणे त्यांना पटल्याची ही पहिलीच वेळ.

मॅनेजरने विचारले, पण हे शिकलं कोणाकडून. ताईने कॉम्प्युटरवर ‘स्वच्छ’ फोल्डर उघडला. तिसऱ्या फोटोत कॉफी. सातव्यात लिपस्टिक. अकराव्यात अख्ख्या बुटाचा ठसा, टाचेसकट. दाजी म्हणाले, शिष्य गुरूवर गेलाय. मॅनेजर हसला. तेवढ्यात ताई त्याला म्हणाली, साहेब, एक महिना द्या, टेबलावर मी बसते. त्याने दिला.

कॉम्प्युटरला पैसे कुठून आले, असे दाजींनी विचारले. ताई म्हणाली, माझे.

१ एप्रिल, मंगळवार. दुपारी २ वाजता.
वाळवणीच्या खोलीत आहे. घामाने शाई पसरते, तरी अक्षर सांभाळले आहे. ताई हातांच्या खुर्चीत बसली आहे. यंत्रातले तिने फक्त एकच ठेवून घेतले, वरचा दिवा. त्याच्या उजेडात डाग चांगले दिसतात म्हणे. सकाळपासून सव्वीस काढले. तिच्याकडे बघून वाटले, हिच्या हाताने लेबले लावून घेतली असती तर. पण मुळात तिला विचारायला हवे होते, आणि तेव्हा मी ‘डागाळलेली’त अडकलो होतो.

हिशोब:
कॉम्प्युटर ९,०००
कॅमेरा २,२००
बल्ब, हिरवा एक, लाल तीन (दोन नवेच आहेत) २५०
फ्रेम ३५०
चहाचे डाग न निघालेल्या तीन चादरी ९००
जादा धुलाई १,२००
एकूण १३,९००
कॉम्प्युटर विकून आले, ताईला दिले ४,०००
ताईचे देणे ७,२००
दाजींचे देणे २,१००
फेडण्याची खात्री ९६ टक्के.

ताईला दाखवले. ती म्हणाली, आधी उरलेले चार टक्के दे.