बारा बोयींचं रक्त

उमरोळी,
१७ फेब्रुवारी १९९८

मंदा,

घरी सगळी बरी असतील. मीही बराच आहे म्हणायचं. पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, हिराच्या हाती देतोय. पोस्टमन ते आधी तुझ्या बाबांना देईल आणि ते चुलीत जाईल. तू शेवटपर्यंत वाच, मग खुशाल चुलीत घाल.

 

मी ज्यांच्या हाताखाली काम करतो, त्या मासळीवर संशोधन करणाऱ्या मॅडमच्या कामाचं तुला अर्धंच सांगितलं होतं. तुझ्या बाबांच्या होडीतून खाडीच्या तोंडची जिवंत बोय मासळी घ्यायची, शेपटीजवळून सुईने रक्त काढायचं, बर्फात ठेवायचं. अंड्याचा बलक ज्यापासून बनतो ते एक प्रथिन मादीच्या रक्तात असतं. नराच्या रक्तात सापडलं, तर पाण्यात मादीच्या संप्रेरकासारखं काहीतरी मिसळतंय. मुंबईहून निकाल आला: नर बारा, त्यातल्या अकरांत ते सापडलं. मॅडम म्हणाल्या, "वामन, पुन्हा तपासल्याशिवाय कुणापाशी बोलायचं नाही."

त्याच दिवशी तुला मागणी घालायला आलो, तर तुझ्या बाबांनी मला दारातून परत पाठवलं. "कालेज पुरं केलं नाय, माजी पोर काय पुरी नांदवशील?"

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी पालघरच्या बाजारात तुझ्या आईच्या पाटीपुढे उभं राहून मी ओरडलो, "ही बोय खाऊ नका, हिच्या नरांच्या रक्तात विष हाय!" गिऱ्हाईकं उठून गेली. तुझी आई म्हणाली, "अरे मेल्या, आदी नर कुटला नि मादी कुटली ते तरी बघ!"

काळजीपोटी ओरडलो, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. काळजी कसली, राग होता. एवढं लिहायला आठ दिवस लागले.

आणि तुझ्या आईचंच खरं निघालं. बाटल्यांवर 'नर' मी लिहिलं होतं. आपल्याकडे बघतात तसंच बघितलं: पोट दाबलं, गाभोळी नाही, अंडी नाहीत, म्हणजे नर. या दिवसांत मादीलाही गाभोळी नसते, हे मला, कोळ्याच्या पोराला, सुचू नये! पोटातल्या जननग्रंथीचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा होता. मी तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकले आणि बघितल्याची वहीत नुसती खूण केली. घाई होती. त्या दिवशी तू स्टेशनवर येणार होतीस.

काल दुपारी फॉर्मलिनमधले सगळे तुकडे काढून एकेक बघितले. नऊ माद्या! हसलो गं, एकटाच मोठ्याने हसलो. मग उरलेल्या तिघांचे आकडे काढले. ते नरच आहेत. तिघांपैकी दोघांच्या रक्तात ते प्रथिन आहे.

तेव्हापासून त्या दोघांच्या रक्ताच्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजतोय.

जमनावहिनीला सातवा लागलाय. तुझे बाबा सुनेसाठी रोज तीच बोय बाजूला काढून ठेवतात. माणसाला त्याने काय होतं, मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "कुणालाच ठाऊक नाही." होतं म्हणाल्या असत्या, तर इतका घाबरलो नसतो.

उद्या मॅडमना सगळं सांगणार. काम जाईल. मग बाजारात जाऊन माझी चूक कबूल करीन. लोक म्हणतील, वामन्या तेवाबी खोटं बोलला, आताबी बोलतो. त्या दोन नरांचं कोण ऐकणार?

तू ऐक. वहिनीला डाळ दे, भाजी दे, लांबच्या पाण्यातली मासळी दे. खाडीची नको. माझं नाव घेऊ नकोस, म्हणजे बाबा ऐकतील. पुन्हा स्टेशनवर आली नाहीस तरी चालेल.

माझ्यावर नको, त्या दोन बाटल्यांवर विश्वास ठेव.

त्या पुन्हा पुन्हा मोजणारा,
वामन