चार नंबर अजून आत नाही

५ नोव्हेंबर
उद्यापासून कोंबड्या मोकळ्या सोडणार. बायकोचं म्हणणं, खुराड्यात बसून बिचाऱ्या कंटाळतात. माझं म्हणणं, सोडू, पण शिस्तीत. सकाळी बाहेर, दिवे लागायच्या आत परत. आयुष्यभर बस डेपोत कंट्रोलर होतो, अख्ख्या शहराच्या गाड्या शिट्टीवर आत घेतल्या. सहा कोंबड्या म्हणजे डाव्या हातचा मळ.

बायकोची अट : एक जरी हरवली तर सगळ्या तिच्या भावाकडे, आणि यापुढे घरात माझी एकही योजना नाही. बेलाशक मान्य केली.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
खुराडं हलवलं. झाडाखालची उत्तम सावली कोंबड्यांना आणि मी उन्हात, हा कुठला न्याय? तिथे आता माझी आरामखुर्ची. खुराडं मागे, मोरीच्या भिंतीशी.

लगेच मेहुण्याचा फोन. दाजी, जागा बदललीत तर आठवडाभर आतच कोंडा, नवं घर डोक्यात बसू दे, मग सोडा, म्हणे. याला विचारलं कुणी? स्वतःचा मुलगा वेळेवर घरी आणता येत नाही आणि मला शिकवतोय!

६ नोव्हेंबर
सकाळी सोडल्या. बायकोने ठेवलेली नावं रद्द केली. भुरी, ठमी, हा काय पोरखेळ? नंबर दिले. भुरी आता चार नंबर.

संध्याकाळी शिट्टी मारली. एकही हलली नाही. सगळ्या माझ्या खुर्चीवर! दोन हातांवर, एक पाठीवर, बाकीच्या कापडात. कापडाचं काय झालं ते लिहीत नाही.

निक्षून सांगितलं, उचलून आत न्यायचं नाही. कुणीही. मी कधी ड्रायव्हरला कडेवर घेऊन डेपोत आणलं होतं का?

रागाने आत गेलो, बातम्या पाहिल्या. मग टॉर्च मारून बघतो तर सहाही खुराड्यात. शिट्टीचा परिणाम उशिरा होतो, पण होतो.

९ नोव्हेंबर
रोज तेच. शिट्टी, खुर्ची, बातम्या, आणि सगळ्या आत. पद्धत सिद्ध झाली. मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. हसला. मूर्ख माणूस.

बायकोच्या हातांवर ओरखडे. विचारलं तर म्हणाली, गुलाबाचे. आपल्याकडे गुलाब नाही. साध्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, डोकं फिरतं.

११ नोव्हेंबर
सहज डेपोत गेलो. नव्या कंट्रोलरला चार गोष्टी सांगाव्यात म्हणून. माझ्या टेबलाच्या जागी थंड पाण्याचं मशीन! तिथेच उभा राहिलो. क्लार्क बाई म्हणाल्या, काका, पाणी घ्यायचं नसेल तर सरका. सरका! मला!

घरी येऊन सगळं सांगितलं. बायको म्हणाली, आता कळलं कोंबड्या कुणावर गेल्यात ते. अर्थ लागला नाही. लावायची इच्छाही नाही.

१४ नोव्हेंबर
जेवताना नुसतं एवढंच म्हणालो, की शिट्टी नसती तर या घरात एक कोंबडी उरली नसती. बायकोने ताट सरकवलं. उद्या भावाकडे जाते, परवा येईन, तुम्ही आणि तुमची शिट्टी बघून घ्या, म्हणाली.

खुशाल जा म्हटलं. काम करतो मी, आणि ताट सरकवते ही.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
शिट्टी. खुर्ची. बातम्या. बातम्या संपल्या. कोंबड्या खुर्चीवरच.

पुन्हा शिट्टी. शेजारच्या काकूंनी धाडकन खिडकी लावली. शिस्तीची कुणाला किंमतच नाही.

भिंतीवर बोका येऊन बसला. म्हणून, केवळ म्हणून, उचलायला गेलो. दोन्ही हात ओरबाडले. पाच कशाबशा कोंबल्या. चार नंबर निसटली ती कुंपणावरून पार.

कुंपणाशी जाऊन शिट्टी मारली. मग चार नंबर, चार नंबर, अशा हाका. मग आसपास कुणी नाही बघून, भुरे, ए भुरे, ये गं बाई. चूक माझी नाही. ती आधीपासूनच उनाड.

भिंतीवर बोका दिसत नाही.

त्याच दिवशी, जरा वेळाने
बायकोचा फोन. सगळ्या आत का, विचारलं. म्हणालो, सहाही, वेळेवर. पुन्हा विचारलं, सहाही? म्हटलं, सहाही. मग म्हणाली, जेवून घ्या.

जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर
बायको आली. काखेत भुरी.

काल कुंपणावरून उडाली ती थेट काकूंच्या पायरीवर जाऊन बसली होती. काकूंनी तिला लगेच आत घेतलं आणि फोन केला. बायकोला. मी कुंपणाशी घसा कोरडा करतोय ते ऐकूनसुद्धा! म्हणजे बायकोने मला विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. हा सरळसरळ सापळा! कडाडून भांडायला तोंड उघडलं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, गुलाब का?

हात पाठीमागे घेतले.

निकाल असा : कोंबडी सापडली, म्हणून कोंबड्या राहतील. योजना बंद. सोबत आलेल्या मेहुण्याने खुराडं परत झाडाखाली ठेवलं. खुर्ची मोरीशी. मेहुणा मुक्कामाला आहे.

१७ नोव्हेंबर
पडून लिहितोय.

संध्याकाळी मी शिट्टीला हात लावायच्या आत सगळ्या एका ओळीत खुराड्यात गेल्या. भुरी सर्वांत पुढे. मला चिडवायलाच.

पेपर वाचत अंगणात आलो आणि झाडाखाली माझ्या जागेवर बसलो. खुराड्याचा पत्रा वाकला. आत एकच कल्लोळ. कंबर धरली, उठता येईना. बायको आणि मेहुणा, दोघांनी दोन्ही काखांत हात घालून मला उचललं.

काकूंनी खिडकीतून विचारलं, आल्या का सगळ्या आत?

बायको म्हणाली, शेवटचा राहिलाय, नेतोय.