यशवंतला दिलेली वही

२ नोव्हेंबर, रविवार

पोशेऱ्याच्या पाड्यावर उपासना, काशिनाथच्या अंगणात. पाळकसाहेब नाशिकहून महिन्यातून एकदा येणार, बाकीचे रविवार माझ्या गळ्यात. आज यशवंत आला. आश्रमशाळेत माझ्याकडे बाराखडी गिरवलेला, आता जिल्हा परिषदेला उभा. सगळ्यांदेखत पाया पडला. खरं सांगायचं तर मी हुरळले.

म्हणाला, "बाई, निवडून आलो की पहिलं काम तुमच्या दफनभूमीचं."

मागच्या पावसात काशिनाथची आई गेली तेव्हा गावाने मातीला जागा दिली नाही. जीपमध्ये घालून नाशिकला नेली. सगळ्यांना तेच आठवलं असणार, बायका रडायला लागल्या. मग यशवंतच्या कपाळाला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. काशिनाथ म्हणाला, "देवानं आपल्याला आपला माणूस धाडला." मी आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने मीच.

४ नोव्हें.

य. मोखाड्याला घरी आला. चहा झाला. म्हणतो, "बाई, मला या लोकांचं दुःख नीट कळलं पाहिजे. नुसती घरं मोजून काय कळतंय?" इतकं शहाणं बोलणं पुढाऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. उठले, कपाटातून प्रार्थनेची वही काढली.

कित्येक वर्षांची वही. दर रविवारी जो उठून बोलेल त्याचं गाऱ्हाणं मी नावासकट लिहून घेते आणि आठवडाभर रोज सकाळी त्यासाठी मागते. कोणाचा नवरा दारू सोडत नाही, कोणाला क्षय, कोणाची पोर वीटभट्टीवरून परत आलीच नाही. वाचताना य.चे डोळे भरले. "दोन दिवस द्या, परत आणतो." दिली.

वाटलं, आजवर हे फक्त देव वाचत होता, आता ज्याच्या हातात काहीतरी आहे असा माणूस वाचेल.

देवाच्या हातात काही नव्हतं असं म्हणायचं नव्हतं मला. पण लिहिल्यावर तसंच दिसतंय.

९ नोव्हें., रवि.

वही आली नाही. फोन केला. "कार्यकर्त्याकडे आहे, बाई, प्रचार संपू दे." आजची गाऱ्हाणी सुट्या कागदावर लिहिली.

पाळकसाहेबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "वही दिलीत? ती तुमची होती का द्यायला?"

मी म्हटलं, तुम्ही महिन्यातून एकदा येता, तुम्हाला इथलं काय कळणार. फोन ठेवला. उगीच तोडून बोलले. भात जळला तो वेगळाच.

१५ नोव्हें.

य. निवडून आला. गुलाल, डीजे. बाजारात मिरवणूक अडली तेव्हा जीपवरून मला हात केला, कोणाकरवी पेढाही पाठवला. वहीचं विचारायला पुढे झाले, पण स्वतःचाच आवाज ऐकू येईना. पेढा चांगला होता.

१८ नोव्हें.

काशिनाथ बाजाराला आला होता. पिशवी खाली ठेवली, तरी बसेना.

"बाई, टपरीवर एकानं विचारलां, तुझा पोर रगत थुंकायचा, तो बरा झाला काय? मी वळखत पण नाय त्याला. मी तां फक्त उपासनेत बोललेलो."

मी म्हटलं, अरे, दवाखान्यातून कळलं असेल, आजार काय लपतो का. त्याने पिशवी उचलली. पटलं नव्हतं त्याला. मलाही कुठे पटलं होतं.



२३ नोव्हें., रवि.

निम्मे लोक आले. गाणी झाली. मग नेहमीसारखं विचारलं, कोणाला काही मागायचंय? कोणी उठेना. मी परत विचारलं. काशिनाथने ढोलकीवरची धूळ पुसली. बाया पदराशी खेळत बसल्या. असं कधी झालं नव्हतं.

सगळे गेल्यावर सुकरी थांबली. मजुरीवर जगणारी बाई, नवरा नाही, एकटी राहते. पुतण्याचा मोबाईल मागून आणला होता, त्यात वहीच्या पानाचा फोटो. माझं अक्षर. "सुकरी. दिराचं मूल दगावल्यापासून घरचे तिला भुताळी म्हणतात. प्रभू तिला पंखाखाली घेवो."

फोटो अख्खा आहे, कोणी काही कापलेलं नाही. पण पूर्ण वाचतंय कोण? सुकरी आणि भुताळी, एका पानावर, बाईंच्या अक्षरात. एवढं पुरलं. पाड्यापाड्यांतून फिरतोय. अर्ध्या तालुक्याला वाचायला मीच शिकवलं.

"दीर बोलतो, तुमच्या देवाच्या वहीतच लिवलाय. आधी घरातच बोलायचे, बाई. आता पाण्यावर पण माझी घागर बाजूला ठेवतात."

माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "जेवल्या काय तुम्ही?"

हात दाखवून अवलक्षण. पण हात माझा आणि अवलक्षण तिच्या वाट्याला.

२५ नोव्हें.

य.कडे गेले. ओटीवर लोकांच्या रांगेत बसले, कधी नव्हे ते. आत बोलावलं, खुर्ची दिली, पाया पडला. सगळं रीतसर.

"कार्यकर्त्याने कोणाला दाखवली असेल, विचारतो मी. तुम्ही एक करा बाई. सांगून टाका, अक्षर माझं नाही."

"तुला अक्षर कोणी शिकवलं?"

हसला. वाईट हसला नाही. "म्हणून तर सांगतोय. गावकीच्या भानगडीत मी नाही पडणार, नुकताच निवडून आलोय. आणि वही तुम्ही आपण होऊन दिलीत, बाई. मी मागितली नव्हती."

कपाटातून मीच काढून दिली, हे खरं आहे.

निघताना दफनभूमीचं विचारायचं अगदी ओठांवर आलं. अजूनही! माझी मलाच किळस आली. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

प्रार्थनेला बसले. शब्द येईनात. त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा किती पटापट आले होते.

२८ नोव्हें.

रविवारी गावकीची बैठक. दिराने बाहेरगावचा भगत बोलावलाय, सुकरी भुताळी आहे का, ते तो "बघून सांगणार". मी पाड्यावर गेले, सुकरीला घेऊन यायला. नागली झोडत होती.

"माझ्याकडे चल. महिनाभर राहा."

"गेलां तर खरां होल, बाई."

मी हट्ट केला, ओरडलेसुद्धा. तिने सूप उचललं आणि पाखडायला लागली. भुसा माझ्या डोळ्यांत गेला.

परत येऊन जादूटोणाविरोधी कायद्याचा हवाला देऊन तक्रार अर्ज लिहिला. स्वच्छ अक्षरात, सही, तारीख. ठाण्यात दिला. रविवारी शिपाई पाठवतो म्हणाले. पाळकसाहेब म्हणतात, "मी येतो, पण बाहेरचा आला म्हणून जास्त पेटेल." बरोबर आहे त्यांचं. येऊ नका म्हटलं. गेल्या वेळच्या बोलण्याची माफीही मागितली.

२९ नोव्हें.

काशिनाथचा फोन. "बाई, आम्ही उद्या बैठकीला येत नाय. तुम्ही वहीत आमचां पण लिवलाय." आधी राग आला. मग आठवलं, त्याच्या पानांवर काय काय आहे ते.

३० नोव्हें., रवि.

सकाळी पहिल्या जीपने आले. आज उपासना नाही. सुकरीच्या ओट्यावर बसून लिहितेय. मला लिहिताना बघून समोरच्या दोन बाया उठून लांब जाऊन बसल्या.

माणसं जमतायत. दीर आलाय, भगत आलाय, त्याला खाट टाकून दिलीय. शिपायाचा पत्ता नाही. सव्वादहाला य.ची गाडी आली. भानगडीत पडणार नाही म्हणाला होता. कोणी बोलावलं, की स्वतःच आला, कळत नाही. माझ्याकडे बघून मान लववली आणि खाटेशेजारच्या खुर्चीत बसला. भगताशी बोलतोय. काय, ते इथून ऐकू येत नाही.

त्यांनी विचारलं तर सांगणार, अक्षर माझंच. फोटोतलं पुढचंही वाचून दाखवणार, प्रार्थनेच्या शेवटपर्यंत. ऐकून घेतील का माहीत नाही. ओळ वाकडी जातेय.

सुकरीने धुतलेलं लुगडं नेसलंय. माझ्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून. म्हटलं, प्रार्थना करू या का?

"करा," म्हणाली. "पण माझां नाव घेऊं नका, बाई."