माडावरून न पडलेला बुधाजी

मी, बुधाजी कोंडाजी घरत, राहणार वाघखार, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, धंदा गवंडीकाम (सध्या बसून), वय आधार कार्डाप्रमाणे त्रेसष्ट आणि गुडघ्यांप्रमाणे ऐंशीच्या पुढे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे मन ठिकाणावर आहे. शरीर ठिकाणावर नाही, पण या कामी कायद्याला फक्त मन लागते, असे वकीलबाई प्राप्ती यांनी सांगितल्यामुळे अडचण नाही.

हे कागद मी कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाहीत. दडपणाखाली मी एकदाच बोललो होतो, तेही इस्पितळात स्ट्रेचरवर. ते बोलणे खाली कलम चारमध्ये मागे घेतो. वकीलबाईंचे म्हणणे असे की मृत्युपत्रात फक्त मिळकतीचे लिहावे. मी त्यांना सांगितले, माझी मिळकत अर्ध्या पानात संपते, उरलेल्या कागदाचे पैसे मी भरले आहेत.

कलम १. घर. वाघखार येथील दोन खोल्या, पडवी व मागची मोकळी जागा माझ्या पश्चात माझी बायको येसूबाई हिच्या मालकीची राहील. तिच्यानंतर मुलगा हितेश आणि मुलगी हेमाली यांना समान. हे घर मी सुट्टीच्या दिवशी स्वतः बांधले. आतून गिलावा आहे, बाहेरून नाही. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत लोकांच्या बंगल्यांना आरशासारखा गिलावा केला आणि स्वतःच्या घराचे चिरे उघडे राहिले, त्यावर गावात बरेच विनोद झाले आहेत. आता नवीन करू नयेत. येसूबाई हयात असेपर्यंत हितेशने या घराला ‘होमस्टे’ अशी पाटी लावू नये. मुंबईच्या पाहुण्यांना उघडे चिरे फार आवडतात असे तो म्हणतो. आवडत असतील तर त्यांनी फोटो काढावा आणि पुढे जावे.

कलम २. संडास. खुब्यात सळई बसल्यापासून मला उकिडवे बसता येत नाही. म्हणून घरात खुर्चीचा संडास केला. मी दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होतो आणि येसूबाई माल कालवून बांधत होती. मी जन्मभर गवंडी आणि ती माझ्या हाताखाली बिगारी. त्या दिवशी उलट झाले. भांडे किंचित डावीकडे कलले आहे. मी ते बोलून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “तुमी पन डावीकडंच कलता.” ते भांडे कोणी काढून सरळ करू नये.

कलम ३. शरीर. याची वाटणी होत नाही, पण कशाने काय गेले ते घरच्यांना माहीत असावे, म्हणून लिहितो. सिमेंटने हातांची कातडी खाल्ली. रेशनच्या दुकानात अंगठा ठेवला की मशीन मला ओळखत नाही. दुकानदार शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, तो ओळखतो, पण त्याच्या ओळखीला सरकारात किंमत नाही. लादी कापायच्या मशीनच्या आवाजाने डावा कान नेला आणि धुळीने छातीत शिटी ठेवली. गुडघे लोकांच्या लाद्यांवर झिजले. त्या लाद्यांवर आता साहेब लोक योगासने करतात. येसूबाईची मान घमेली वाहून बसली आहे. तिला डॉक्टरांनी सांगितले, ‘वजन उचलू नका.’ हे तिला पस्तीस वर्षे उशिरा कळले. मी गेल्यावर ‘कष्टाळू होते’ असे फलकावर लिहू नये. नुसते नाव लिहावे.

कलम ४. पडणे. हे या मृत्युपत्रातील मुख्य कलम आहे.

निसर्ग वादळाच्या आदल्या वर्षी किहीमकडच्या एका बंगल्याचा बाहेरचा गिलावा चालू होता. ठेकेदार माझा मेहुणा रामचंद्र, म्हणजे येसूबाईचा सख्खा भाऊ. परांचीचे बांबू दुसऱ्या साइटवरून आले होते आणि बांधायचा काथ्या तिसऱ्या. काथ्या कुजला आहे, असे मी त्याला सकाळी सांगितले. तो म्हणाला, दाजी, आजचा दिवस काढा, उद्या नवीन आणतो. साइटवर हेल्मेटे दोन होती. एक, बंगल्याचे मालक साहेब पाहणीला येत तेव्हा त्यांच्या डोक्यावर, दुसरे रामचंद्रच्या गाडीत मागच्या काचेपाशी, सगळ्यांना दिसेल असे.

दुपारी जेवून वर चढलो आणि पहिल्याच थापीला गाठ सुटली. मी खाली चिऱ्यांच्या ढिगावर पडलो. केसर नावाची बिगारी बाई डोक्यावर घमेले घेऊन समोरच उभी होती. तिने घमेले टाकले आणि माझे डोके मांडीवर घेतले. रामचंद्रने आधी साहेबांना फोन लावला. साहेबांनी विचारले, चिऱ्यांना काही झाले का. दोन फुटले होते. ते बिलातून वजा झाले.

मला टेम्पोतून अलिबागला नेले. केसरलाही चढायचे होते, पण रामचंद्रने तिला खाली उतरवून कामावर पाठवले. वाटेत तो माझ्याजवळ बसला, माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होते. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. तो म्हणाला, “दाजी, इचारलं तर माडावरून पडलो सांगा. न्हायतर माजं लायसन जाईल, ताईचं माहेर जाईल.” मी येसूबाईचा विचार केला. डॉक्टरांनी विचारले आणि मी म्हणालो, माडावरून पडलो. डॉक्टर मला खूप ओरडले. या वयात माडावर चढायला तुम्हाला काही वाटत नाही का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, चुकले.

तरी आज मी शपथेवर लिहितो की मी आयुष्यात कधी माडावर चढलो नाही. मला भोवळ येते. परांचीवर येत नाही, कारण तिथे समोर भिंत असते.

कलम ५. पडण्यानंतरचे. बांधकाम कामगार म्हणून माझे कार्ड होते. हितेश ते घेऊन ऑफिसात गेला. तिथले साहेब कागद पाहून म्हणाले, हा तर माडावरून पडला आहे, हे बांधकामात येत नाही. मग तो शेतीच्या ऑफिसात गेला. तिथले म्हणाले, तुमच्या नावावर माड आहे का. आमच्या दारात एक शेवगा आहे. शेवग्यावरून पडणाऱ्यांसाठी अजून काही निघालेले नाही.

पुढच्या वर्षी वादळ आले. मागच्या शेजाऱ्याच्या वाडीतला माड मुळासकट पडला. तलाठी आले, पंचनामा झाला, माडाची भरपाई मंजूर झाली. माड पडला त्याचे मिळाले, मी पडलो त्याचे नाही, कारण माडाने जबाब दिला नव्हता.

त्यानंतर शेतीच्या ऑफिसने ‘माडावर सुरक्षित चढण्याचे प्रशिक्षण’ ठेवले. इस्पितळाच्या कागदावरून त्यांना माझे नाव मिळाले. गाडी पाठवून मला नेले, पहिल्या रांगेत बसवले आणि ‘अनुभवी बागायतदार’ म्हणून दोन शब्द बोलायला सांगितले. मी काठीवर उभा राहिलो आणि म्हणालो, दोरी कुजलेली असेल तर वर चढू नका, कोणी कितीही जवळचा सांगत असला तरी. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ आणि माडावर चढायचे एक लोखंडी यंत्र भेट मिळाले. यंत्र वापरायचे कसे हे सांगायला मलाच पुढे बोलावले होते. मी पाय दाखवला, तेव्हा त्यांनी दुसऱ्याला बोलावले.

कलम ६. वरील यंत्र, न वापरलेले, मेहुणा रामचंद्र यास देतो. तो सध्या निवडणुकीला उभा राहायचे म्हणतो. नाक्यावरच्या फलकावर ‘कष्टकऱ्यांचा आधारवड’ असे लिहिले आहे. फलक ज्या बांबूंवर बांधला आहे ते मी ओळखतो. त्याखालून जाणाऱ्यांनी जपून जावे. याशिवाय रामचंद्रबद्दल माझा काही दावा नाही. त्याने माझ्या प्रेताला खांदा द्यायला हरकत नाही. मात्र तिरडी दुसऱ्या कोणी बांधावी.

कलम ७. हत्यारे. माझी थापी, ओळंबा, गुण्या आणि गिलावा घोटायचा लाकडी रंधा मुलगा हितेश यास. तो मामाच्या हाताखाली सुपरवायझर आहे. स्वभावाने चांगला आहे, पण एकदा मला म्हणाला की कमरेला सुरक्षेचा पट्टा लावला की पोरं हळू काम करतात. म्हणून अट अशी की रोज सकाळी कामगार चढण्याआधी त्याने स्वतः परांचीवर चढावे आणि वर दोनदा उडी मारावी. वजनाने तो माझ्या दुप्पट आहे, परीक्षा चांगली होईल. ही अट मान्य नसेल तर हत्यारे हेमालीने न्यावीत. ती पनवेलला कारकून आहे आणि तिला त्यांचा काही उपयोग नाही, पण ती हत्यारे विकणार नाही.

कलम ८. सदा. मागच्या वाडीतला जो माड म्हटला, तो माझा शेजारी सदा जोमा भगत याचा. आम्ही बरोबर वाढलो. त्याच्या लग्नात करवल्यासारखा मी मिरवलो आणि माझ्या घराचा पाया त्याने खणला. इस्पितळातून मला घरी आणले तेव्हा पहिला तोच आला. खाटेजवळ बसून त्याने विचारले, “कुठल्या माडावरून पडलास रं?” मी येसूबाईकडे पाहिले. कोपऱ्यात रामचंद्र चहा पीत होता. तो म्हणाला, “मागच्या.”

मागे एकच माड होता.

सदाने कप खाली ठेवला आणि उठून गेला. गावात दुसऱ्या दिवशी झाले, बुधा सदाचे नारळ चोरायला चढला आणि देवाने खाली पाडला. गवंडी माणूस चोरलेच तर सिमेंट चोरील, नारळ कशाला चोरील, एवढा विचार कोणी केला नाही. तेव्हापासून सदा माझ्याशी बोलला नाही. समोरून आला की तो चप्पल झटकायला खाली वाकतो. खुब्याचे दुखणे गोळीने थांबते. या दुखण्यावर गोळी मिळाली नाही.

मी हे एवढी वर्षे उघड केले नाही, कारण प्रत्येक रक्षाबंधनाला येसूबाई भावाकडे जाऊन येत असे आणि मी तिचे तोंड पाहून गप्प बसत असे. यंदा ती आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, “राखी मी बांधली हाय, तुमी न्हाय. तुमचं तोंड कशाला बांधून ठेवायचं? लिवा.” दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेलो. सदा यास देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. म्हणून कलम चार त्याला देतो.

कलम ९. हे कलम आज सकाळी वाढवले आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. वकीलबाईंच्या ऑफिसात हल्ली सगळ्यांच्या कागदांवर साक्षीच्या सह्या करणारे दोन तरुण तयार असतात, पण मी केसरला बोलावले. ती म्हणाली, मी येते, आणि सदाभाऊलाही आणते. तो येणार नाही असे मी म्हणालो. तिने काय सांगितले कोण जाणे, पण तो आला. पडवीत बसला नाही, उभाच राहिला. वकीलबाईंनी पहिल्यापासून सगळे वाचले. संडासाच्या कलमाला केसर हसली. कलम चार वाचून झाल्यावर केसर त्याच्याकडे वळून म्हणाली, “मी तिथंच व्हते. मला कोनी इचारलंच न्हाय.”

 मग सदाने कलम आठही ऐकले आणि मला म्हणाला, “बुधा, तुला घरी आनलं त्याच दिशी मी माडाचं नारळ मोजलं व्हतं. येकपन कमी नव्हता.”

म्हणजे चोरी झालेली नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मग बोलायचा का थांबलास, असे मी विचारले.

“तू माज्याशी खोटं बोलाय लागलास म्हनून,” तो म्हणाला. “नारळाचं काय घेऊन बसलास.”

 येसूबाई आत गेली आणि तिने चहा ठेवला. वकीलबाईंनी विचारले, हे पण लिहायचे का. सदा म्हणाला, लिहा, आणि माझी सही पहिली घ्या, नाहीतर हा परत काहीतरी वाढवील.

याप्रमाणे नऊ कलमे वाचून, ऐकून आणि मध्ये चहा घेऊन पुरी केली. याआधी मी कुठे काही लिहून दिले असल्यास ते रद्द समजावे. इस्पितळाच्या कागदावरचे माडाचे वाक्यही माझ्यापुरते रद्द समजावे. ते रद्द करण्याचा अधिकार मला नाही असे वकीलबाई म्हणतात. तरी मी केले आहे.

लिहून ठेवणार: बुधाजी कोंडाजी घरत (सही. अंगठ्याचा ठसा घेतला, पण तो उठत नाही.)

वरील सही आमच्यासमोर झाली म्हणून साक्ष:

१) सदा जोमा भगत, राहणार वाघखार, शेजारी (सही)

२) केसर चांगा नाईक, राहणार वाघखार, बिगारी (सही). सहीच्या वेळी हजर होते. पडला तेव्हाही हजर होते.

स्थळ: वाघखार, घरत यांची पडवी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५