फेटा बांधताना वाजलेली गिटार

बारामती,
४ फेब्रुवारी २०२४

ती. मावशीस प्रतिक्षाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं म्हणून पत्रच धाड म्हणतेस, ते मला बरंच वाटतं. पत्रात मला मध्येच कोणी तोडत नाही. तुझा ऋतिक जेवतो का, असं विचारलंस. जेवतो. माझ्या डब्यातलंही जेवतो. काळजी नसावी.

तो आणि मी पायाखाली कसल्या डब्या दाबतो, तेही विचारलंस. सांगते. गिटारवर एक तुकडा वाजवायचा आणि डबी पायाने दाबायची. डबी तो तुकडा लक्षात ठेवते आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहते. मग त्यावर आपण दुसरं काहीतरी वाजवायचं. दोन माणसांत चार माणसांचा वाद्यवृंद. पण आमच्या डब्या दोन, आणि दोघींची चाल केसभर वेगळी. सुरुवातीला एकत्र चालतात, मग एक पुढे सरकते, आणि गाणं संपेपर्यंत नुसता कालवा. माझ्या डबीत लय आधीच ठरवून ठेवता येते, ती कानात टिकटिक करते. ऋतिकची डबी जुनी आहे, तिला माझ्या डबीची वायर जोडायची सोयच नाही. त्याने टिकटिक ऐकून नेमक्या ठोक्यावर पाय दाबायचा, एवढाच उपाय. तो दर वेळी उशिरा दाबतो. तेच तेच फिसकटलेलं ऐकून मला स्वतःच्या गिटारचा वीट आला आहे.

मार्चच्या सुरुवातीला इंदापूरला युवक महोत्सव आहे. तिथे आमचं एक गाणं ठेवलंय. रविराज म्हणून आयोजक आहेत. आमच्या गाण्यावर मुली नाचणार, दिवे उघडझाप करणार, म्हणून लय मिनिटाला एकशे आठ ठोक्यांचीच हवी, तसूभर हलता कामा नये, असं त्यांनी बजावलंय. बजावलं तेही ऋतिकला. माझ्याकडे बघून नुसतं काय मॅडम म्हणून हसले. अशा हसण्याची मला किळस येते.

आई आबांना घेऊन कळंबहून येणार आहे. घरात पहिली पदवी घेतली आणि पोरगी तारा छेडत बसली, असं भावकीत बोलतात. आबा तोंडावर काही बोलत नाहीत, पण मी काय करते ते एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हणाले. मावशी, त्यांच्यासमोर मला खरं वाजवायचं आहे. बाकी काही नको.

काकांना नमस्कार. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी
प्रतिक्षा


पळसदेव,
९ फेब्रुवारी

चि. प्रतिक्षास मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. डबीचं निम्मं कळलं, रविराजचं सगळं कळलं. असली माणसं हितं बी हायेत.

धरणाचं पाणी मागं सरलंय. मोटारीचा पाइप वाढवायचा तर तुझ्या काकांची कंबर धरलीय. शेजारच्या फुलाबाईला सांगितलं, माझा पोरगा पायानं गिटार वाजवतो. ती म्हणाली, हातानं काम करत न्हाय ते ठावं होतं, पायाचं नवीन ऐकलं. आता रोज इचारती, पाय बरा हाय का म्हणून.

ऋतिकचं म्हणशील तर तो लहानपणापासून उशिराचाच. शाळेची घंटा झाली की ह्याला चप्पल सापडायची न्हाय. तू जरा सांभाळून घे. तू शिकलेली हायेस, तुझ्या तोंडाला धार हाय, ते तुझ्या आईकडनं, आमच्या बानूकडनं आलंय. तिला बी माझा निरोप धाड.

बाळा, तब्बेत जप आन मावशीला इसरू नको.

म्हाळसामावशी


बारामती,
१८ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हे पत्र तू बसून वाच.

मागच्या आठवड्यात एकदम जमायला लागलं. ऋतिकचा पाय नेमका ठोक्यावर, दोन्ही डब्या गाणं संपेपर्यंत बरोबर. मी इतकी हरखले की माझ्या गिटारच्या शिकवणीच्या मुलांना पेढे वाटले. आईला फोन करून सांगितलं की आता आबांना खुशाल आण.

काल सराव करताना माझी तार तुटली. मी वाजवायचं थांबले आणि पायाने डबी बंद केली. आवाज बंद झाला नाही. मी पुन्हा दाबली, वायर उपटून हातात घेतली. तरी माझी गिटार वाजतच होती, तुटलेल्या तारेसकट. ऋतिक लॅपटॉपकडे धावला तेव्हा मला कळलं. आमचं अख्खं गाणं त्याने आधीच भरून ठेवलंय. मला न सांगता, सरावातले माझे तुकडे घेऊन, कापून, एकशे आठवर घट्ट बसवून. स्पीकरला तेच जोडलेलं होतं. आठवडाभर मी पेढे वाटत होते ते कशाचे?

वर म्हणतो की सगळेच असं करतात, इंदापुरात कोणाला कळणार आहे. रविराजना तर आधीपासून माहीत होतं. त्यांनीच सुचवलं होतं. आपण फक्त उभं राहायचं, हात हलवायचे, पाय दाबल्यासारखं करायचं. मला शिसारी आली मावशी. कोणीतरी माझ्या ताटात उष्टं वाढावं आणि मी चवीने खावं, तसं झालं. मी त्याच्याशी बोलत नाही. कार्यक्रमाला जाणार नाही.

रागात लिहिलंय, पण राग तुझ्यावर नाही. तुझी माया हवीच आहे.

प्रतिक्षा


पळसदेव,
२२ फेब्रुवारी

चि. प्रतिक्षास अनेक आशीर्वाद. वि. वि.

वाचून वाईट वाटलं. पण पोरी, येवढं तोडायला निघू नको. तुझ्या आबांनी कळंबच्या माणसांसाठी टेम्पो सांगून ठेवलाय, बानूनं सगळ्यांला बोलावणं केलंय. आता न्हाय म्हणालीस तर त्यांनी तोंड कुठं लपवावं? लगनात सनई आता मोबाइलवर लावत्यात, म्हणून लगीन खोटं होतंय व्हय? वाजवलंय तर तूच न्हवं? तुझंच भरून ठेवलंय, कुणा दुसऱ्याचं न्हाय.

येवढ्या बारीला उभी राहा. माझ्यासाठी राहा. नंतर ऋतिकला मी बघती. पाण्याची पाळी हाय, म्हणून मला यायला जमणार न्हाय.

रागावलीस तरी आमच्याकडं येणं सोडू नको.

म्हाळसामावशी


बारामती,
४ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून उभी राहिले.

कळंबची माणसं पुढच्या रांगांत बसली होती. आबांनी नवा सदरा घातला होता. मी हात हलवत होते आणि तार न दाबताच सूर निघत होते. गाणं अर्ध्यात आलं आणि प्रमुख पाहुणे पोचले. मग कसलं गाणं! रविराजनी माइकवर घोषणा केली आणि चालू गाण्यातच सत्कार सुरू झाला. नाच थांबवायचा नव्हता, म्हणून कोणी आवाज बंद केला नाही. पाहुण्यांचं झाल्यावर कलाकारांची पाळी. ऋतिकच्या एका हातात नारळ, दुसऱ्यात शाल, आणि एक माणूस त्याला फेटा बांधतोय. आणि नेमका तेव्हाच त्याचा एकट्याचा तुकडा सुरू झाला. तो अवघड, सरसर वर चढणारा. नारळ धरलेल्या माणसाची गिटार वाजत होती, मावशी! मला वाटलं, आता लोक हसतील, ओरडतील. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एकजण मोठ्याने म्हणाला, मशीन लई भारी हाय.

माझ्याही हातात नारळ दिला. मी तो घेतला. त्याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटते.

उतरल्यावर आबा भेटले. भावकीतल्या सगळ्यांना ते सांगत होते, पोरीनं हात काढला तरी वाजत होतं, शिक्षण वाया गेलं न्हाय. असं भरून बोलताना मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळंबला जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. ते वैरण टाकत होते. रागावले नाहीत. एवढंच विचारलं की मग मी तिथं उभी कशाला राहिले. तुझं नाव सांगणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं.

ऋतिकशी माझं संपलं. तुझ्याशी नाही, तेवढं धरून चाल.

प्रतिक्षा


पळसदेव,
१० मार्च

चि. प्रतिक्षास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला उभी राहा म्हणाले ती माझीच चूक. तुझ्या आबांना मी सोता फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, दोघी बहिणींच्या पोरांनी मिळून मला चांगलं बघाय लावलं. हसले का रागावले, फोनवर कळलं न्हाय.

ऋतिक घरी हाय. फेटा खुंटीला लावाय गेले तर अंगावर आला, फेकून दे म्हणाला. लई खोदून इचारलं तवा बोलला. त्याचा पाय चुकला की तू रोज च्यक करायचीस म्हणं. एकदा शिकवणीच्या पोरांपुढं म्हणालीस, छकुली बी ह्याच्यापेक्षा बरोबर दाबती. ती छकुली चौथीत हाय व्हय? त्या दिवशी त्यानं लॅपटॉपचं ठरवलं. ठोका त्याला ऐकू येतो, पण पाय जाईस्तवर निघून जातो, आसं म्हणाला आन भिंतीकडं तोंड करून पडला.

हे मी त्याला सोडवायला लिहीत न्हाय. लबाडी ती लबाडी. त्याला मी तेच सांगितलं. पण तुला ठावं असावं.

रागातनं मोकळी झालीस की चार ओळी धाड, वाट बघती.

म्हाळसामावशी


बारामती,
२४ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

ऋतिक सोमवारी न सांगता दारात उभा राहिला. मी त्याला चहा दिला, गोड बोलणं दिलं नाही. मुलांसमोर बोलले ते चुकलं, एवढं म्हणाले. त्याने कप विसळून ठेवला. त्याच्याकडे बघितलं की मला अजून तो नारळ दिसतो. किळस अशी चार दिवसांत जात नाही.

पण आम्ही वाजवतोय. आता आधी पाय तो टाकतो, टिकटिक बंद ठेवून, त्याच्या मनाने. त्याचा तुकडा फिरायला लागला की मी तो ऐकून माझ्या डबीची लय त्याच्यावर लावते. लय कधी शंभरच्या खाली जाते, कधी वर, एकशे आठ कधीच येत नाही. शेवटी शेवटी तरी सरकतंच. मग मी माझी डबी बंद करून उरलेलं हाताने वाजवते. ऐकायला फार सुंदर नाही. खालचा दुकानदार परवा विचारत होता की पहिलं चांगलं वाजत होतं, आता काय बिघडलं.

काल रविराजचा फोन आला. बारामतीत मोठा कार्यक्रम आहे, इंदापूरला वाजवलं तसंच्या तसं हवं, पाहुणे अजून आठवण काढतात म्हणाले. फोन ऋतिकलाच होता. मी गिटार पुसत बसले, वर पाहिलं नाही. तो त्यांना म्हणाला की तसं आम्हाला वाजवता येत नाही.

पलीकडून ते बराच वेळ हसत होते. ऋतिकने फोन ठेवला आणि पाय टाकला. उशिराच टाकला.

आबांना पुढच्या रविवारी खोलीवरच बोलावलंय. तूही ये. पत्राने जेवढी जवळ आहेस, तेवढीच समोर बस.

तुझी
प्रतिक्षा