सुट्टी बदलली, कोड तोच

सोमवार, संध्याकाळ

फुकटात मिळालेल्या कोडची खरी किंमत आज कळली. बदलापूरच्या काकू सोफा बघायला उल्हासनगरला माझ्या दुकानावर आल्या आणि बंद शटर बघून परतल्या. फोनवर म्हणाल्या, "दादा, मोबाईल तर उघडं दाखवतोय!" मागून सून पुटपुटली, "आई, दुसरं दुकान बघा." ऐकलं मी.

रविवारची सुट्टी सोमवारी नेली, ती वेबसाइटच्या पानावर लिहिली. सर्चसाठीच्या वेगळ्या, फुकट मिळालेल्या जेसन-एलडी कोडच्या तुकड्यात मात्र जुनी रविवारचीच राहिली. शेजारचा सिंधी दोस्त म्हणतो, "साईं, सब यही डालते हैं." डालोत बापडे. मी मायक्रोडेटाच घेणार. त्यात माणूस वाचतो तीच ओळ मशीन वाचतं. एकदाच लिहायचं, बस्स!

आणि मी मार्केटभर सांगत फिरलो, आपली वेळ सगळीकडे एकच!

काकूंना रविवारी बोलावलंय. शटरवर अजून 'रविवारी बंद' रंगवलेलं आहे.