चौथा मजला पांढराच राहील

तीर्थरूप आत्यास,

दोघांचाही साष्टांग नमस्कार. (दोघांचाही म्हणजे माझाच. घरात पाहुणं कोणी आलेलं नाही, उगाच आतोबांना हाका मारू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो, का आता तूच त्याच्यावर कुरकुरतेस? आतोबांचा खोकला गेला असला तर बरंच, नसला तर त्यांना म्हणावं डॉक्टरला दाखवा, शेजाऱ्यांना ऐकवू नका. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. क्षेम बिम काही नाही. खुर्चीवर बसलो की पाय हलतो, पाय हलला की टेबल हलतं, टेबल हललं की अक्षर हलतं, म्हणून उठून गॅलरीत जातो. गॅलरीला लागून परांची बांधली आहे आणि तिच्यावर रंगारी बसलेला असतो. तो मला बघून हसतो, हातातला ब्रश हलवतो, की मी घाबरून परत आत. सकाळपासून अशा येरझारा चालल्या आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि तेवढं लगेच आतल्या खोलीत ओरडून सांगतेस, आणि मला जे सांगायचंय ते ओरडण्यासारखं नाही.

मागच्या वर्षी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू वाटाणे सोलत बसली होतीस आणि मी एका दमात सांगून टाकलं होतं, की आत्या, मी काही दिवस पुरुष असतो, काही दिवस बाई, आणि काही दिवस एकाच वेळी दोन्ही. हे खूळ नाही, मी असाच आहे आणि अशीच आहे. तू हातातली शेंग पुरी सोललीस आणि विचारलंस, "मग जेवायला किती जणांचं टाकू?" मी इतका हसलो आणि मग इतका रडलो, की वाटाणे तूच खाली सांडलेस असं आतोबांना सांगावं लागलं. तेव्हापासून हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि फोनवरच्या आमच्यासारख्यांच्या एका ग्रुपला ठाऊक आहे. बाबांना नाही. आणि मला दुसऱ्या कोणाला नाही, बाबांनाच सांगायचं आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आम्ही सगळं बोलतो, नळ का गळतो इथपासून जग कुठे चाललंय इथपर्यंत, पण हे सांगायला तोंड उघडलं की तोंडातून "चहा टाकू का?" एवढंच येतं. सध्या बाबा दिवसाला इतका चहा पितात की त्यांची झोप उडाली आहे.

म्हणून ठरवलं, तोंडाने जमत नाही तर खुणेने सांगावं. आधी एक बिल्ला मागवला: एक गोल, त्याला वर बाण, खाली अधिकचं चिन्ह. बाण पुरुषाचा, अधिक बाईचं, आणि गोल एकच, म्हणजे मी. तो पांढऱ्या कोटावर लावून चष्म्याच्या दुकानात गेलो. माझं काम तुला माहीत आहे, गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यापुढची भिंगं बदलायची आणि दिवसभर विचारत राहायचं, "हे बरं दिसतंय, का हे?" एखादा म्हणतो, "दोन्ही तेवढंच छान." (त्याला मिठी मारावीशी वाटते, पण मग नंबर चुकतो.) बिल्ला पाहून एका आजोबांनी विचारलं, ही फ्रेमची नवी कंपनी का? एका बाईंना ती किल्ली वाटली. आमच्या मालकांना वाटलं की कंपनीने भेट दिली आणि मी ती परस्पर लाटली. ते दोन दिवस घुश्शात होते. शेवटी त्यांनाही एक मागवून दिला. आता ते तो छाती फुगवून मिरवतात, आणि बाबा दुकानात आले तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं, "फार भरवशाची कंपनी आहे." बाबा म्हणाले, पुढचा चष्मा ह्याच कंपनीचा घेऊ.

(इथे पत्र ठेवून दुकानात जाऊन आले. हो, आले. गेलो होतो, आले. तुला काही नवीन नाही.)

मग म्हटलं, खूण छोटी होती, मोठं काहीतरी हवं. झेंडाच लावावा. पण झेंडा कोणता? आमच्यासारख्यांचे झेंडे एकाहून जास्त आहेत. कोणी म्हणतं हा, कोणी म्हणतं तो जुना झाला, कोणी स्वतःच नवा काढतं. ग्रुपमध्ये दोघांचं एकमत होत नाही. दोघांचं काय, आमच्यात एकेकाचंही एकमत नसतं. शेवटी मला आवडला तो मागवला. आडवे सात पट्टे: वर गडद गुलाबी, मग फिका गुलाबी, मग जांभळट, मधोमध पांढरा, पुन्हा जांभळट, मग फिका निळा आणि खाली गडद निळा. गुलाबी बाईचा, निळा पुरुषाचा, जांभळटात दोघं मिसळलेले, आणि पांढरा म्हणजे एकीकडून दुसरीकडे जातानाची मोकळी जागा, असं मी मानते. मी सगळ्यात जास्त त्या पांढऱ्यातच राहते, आत्या. शनिवारी बाबा बाहेर गेल्यावर तो गॅलरीच्या कठड्याला बांधला आणि आत येऊन दाराकडे बघत बसले. आता बेल वाजेल, आता कोणी विचारेल, आता बाबा येऊन म्हणतील हे काय आहे, आणि मी सांगेन. बेल वाजली. पहिल्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "चादर छान आहे, डबल बेडची मिळते का?"

आता आमच्या इमारतीबद्दल सांगते. खाली दुकानं, वर सात मजले, आणि बाहेरून कोणता रंग द्यायचा ह्यावरून कमिटीत वर्षभर हाणामारी. तिसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना राखाडी हवा होता, गाण्याच्या बाईंना पिवळा, आणि कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आपले बाबा, त्यांना कोणताही चालला असता, फक्त तो त्यांनी सुचवलेला असायला हवा होता. तर डॉक्टर त्या दिवशी रस्त्यावरून वर बघत येत होते. त्यांनी झेंडा पाहिला, मजले मोजले, सात. पट्टे मोजले, सात. जिन्यात बाबांना गाठून म्हणाले, "नमुना लावलात तो झकास आहे! एकेका मजल्याला एकेक रंग. हे सुचलं कसं तुम्हाला?" तू तुझ्या भावाला ओळखतेस. आयतं चालून आलेलं श्रेय त्यांनी आजवर कधी दारातून परत पाठवलेलं नाही. ते म्हणाले, "सुचलं खरं." घरी येऊन मला म्हणाले, "तू दुकानातून नमुन्याचं कापड आणलंस ते बरं केलंस." मी तोंड उघडलं. चहा टाकला.

त्यानंतर बाबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांचा जन्म नकाशे काढण्यात गेला, त्यामुळे पट्टी, पेन्सिली, सगळं माळ्यावरून खाली आलं आणि जेवणाच्या टेबलावर इमारतीचं चित्र तयार होऊ लागलं. ज्या झेंड्यासाठी मी घरात भांडायची तयारी करत होते, तो बाबा जिभेचं टोक बाहेर काढून, रेघेबाहेर रंग जाऊ न देता रंगवत होते, आणि मधूनमधून मला विचारत होते, "हा जांभळा जास्त होतोय का रे?" मी नुसती खोलीत फिरत होते. बसवत नव्हतं आणि बाहेरही जाववत नव्हतं.

मग सभा. वर्षात पहिल्यांदा सगळे एका सुरात हो म्हणाले, आणि डॉक्टरांनी तेवढ्यात सुचवलं की पांढरा मळतो, चौथ्या मजल्याला पांढऱ्याऐवजी राखाडी देऊ. (चौथा मजला आमचा.) मला काय झालं कोण जाणे, मी ताडकन उठले आणि ओरडले, "पांढरा काढायचा नाही!" बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "का रे बाळा?" आत्या, इतकी मोकळी वाट मला पुन्हा मिळणार नव्हती. मी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "पांढऱ्याने ऊन परततं. घर थंड राहतं." टाळ्या पडल्या. बाबांनी शेजारच्याला कोपराने ढोसून सांगितलं, "आमच्या घरातलं डोकं." मी घरी येऊन उशीत तोंड खुपसलं.

रंगारी वरून खाली येतात, त्यामुळे आता वरचे तीन मजले झालेत आणि आमचा चालू आहे. झेंडा अजून कठड्याला आहे, रंगारी त्याच्याकडे बघून रंग कालवतो. आणि काल ते घडलं, ज्यामुळे मी पत्राला बसले. बाबा खाली उभे राहून देखरेख करत होते. सायकलवरून एक बाई चालली होती, ती थांबली, वर बघत राहिली, आणि बाबांना विचारलं की हे रंग मुद्दाम दिलेत का. बाबा म्हणाले, अर्थात. तिने विचारलं, तुमच्या घरात कोणी आहे? बाबांना वाटलं, घरात माणसं कोण कोण ते विचारतेय. म्हणाले, आहे की, माझं पोर आहे. तिने सायकल सोडून बाबांना मिठी मारली आणि म्हणाली, "नशीबवान आहे तुमचं पोर." बाबा वर आले ते गोंधळलेले. मला विचारलं, "अनोळखी बाई, रडत होती. रंगाला कोणी रडतं का?" मी दुकानाची किल्ली राहिली म्हणून पळून गेले. आता ते रोज खाली उभे राहणार, कोणी ना कोणी थांबणार, आणि माझ्या बाबांना माझी गोष्ट रस्त्यावरचा माणूस सांगणार. ह्याची मला धास्ती बसली आहे.

तर आत्या, गुडघा कसाही असो, लिफ्ट चालू आहे, तू ये. तू थोरली बहीण आहेस, तुझं ते ऐकतात, निदान ऐकून तरी घेतात. तूच त्यांना सांग. मी स्वयंपाकघरात थांबेन. आतोबांना नमस्कार.

तुझं,
ध्यान

ता. क. "तूच सांग" असं वर लिहिलंय ते खोडलेलं समज. तू नुसती शेजारी बस. सांगेन मीच.

ता. क. दुसरा. सांगितलं. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, बाबा टेबलाशी पेन्सिलींना टोक काढत होते, आणि डिंक सापडेना तेव्हा सांगून टाकलं. वाटाण्यांच्या वेळी सांगितलं होतं तसंच, उभ्या उभ्या, एका दमात. बाबा उठून गॅलरीत गेले. रंगाऱ्याने ब्रश हलवला, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं आता परांची उतरवायला सांगतील. परत आले आणि म्हणाले, "म्हणजे ते नमुन्याचं कापड नव्हे." मी म्हटलं, झेंडा आहे बाबा. "म्हणजे कल्पना माझी नव्हतीच." नव्हती. "आणि मी गावभर सांगत फिरलो." मग टोक आलेल्या पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढू लागले. म्हणाले, "ती बाई मला मिठी मारून गेली ती फुकटच गेली. मला काही माहीतच नव्हतं." आत्या, मला त्यांच्या रागाची भीती होती. हे वाईट वाटणं मी धरलंच नव्हतं.

मग विचारलं, "डॉक्टरांना खरं सांगितलं तर चालेल तुला?" मी मान हलवली. ते तडक खाली गेले. जिन्यातून आवाज वर येत होता: "डॉक्टर, एक दुरुस्ती आहे. ती कल्पना माझी नाही, माझ्या पोराची आहे. आणि नमुना नाही, झेंडा आहे, त्याचा आणि तिचा." डॉक्टर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बराच वेळ म्हणाले. मग पुन्हा बाबा, जरा चढ्या आवाजात: "तुम्हाला पटो न पटो. चौथा मजला पांढराच राहील."

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र हेच. धापा टाकत वर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला: "ताईला माहीत आहे?" आत्या, तू त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास. मी म्हटलं, "कोणालाच नाही. तुम्हीच पहिले." त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले, काच स्वच्छ होती तरी. "पहिला?" "पहिले." मग म्हणाले, ही फोनवर सांगायची गोष्ट नाही, उद्या सकाळच्या गाडीने जाऊन ताईला मी स्वतः सांगतो. आणि पत्राकडे हात करून म्हणाले, "तिलाच ना? दे इकडे, तिकीट कशाला लावतोस... लावतेस... काय म्हणू?" मी म्हटलं, आज काहीही म्हणा.

तेव्हा हे पाकीट तुला तेच देतील. ते दुसऱ्याचं पत्र उघडत नाहीत. मी पाकिटावर "शेवटून वाच" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. ते बूट काढतील, पाणी मागतील, आतोबांच्या खोकल्याची चौकशी करतील, तेवढ्यात तुझं एवढं वाचून व्हायला हवं. मग पत्र उशाखाली सार. त्यांना सावकाश सांगू दे. अडखळले तर शब्द पुरवू नकोस, हो हो म्हणू नकोस, आणि कितीही हसू आलं तरी आतोबांकडे बघू नकोस. माझ्यासाठी एवढं कर.

आता मान वर कर. समोर बसलेत ना? विचार त्यांना, "काय रे, आज असा अचानक?"